वाचक विचारतात: आव्हर्नस, पाताळाचा दरवाजा असलेलं तळं

गेल्या अंकात आपण रोमन लोकांच्या पाताळदारावर, म्हणजे इटलीतल्या आव्हर्नस नावाच्या तळ्यावर दोन पानं छापली होती. ट्रॉयचं युद्ध हरून पळालेला एनिअस तिथूनच जिवंतपणी पाताळात उतरला आणि मेलेल्या बापाला भेटून परत आला अशी ती रोमन कवी व्हर्जिलने सांगितलेली गोष्ट. त्यावर इतके प्रश्न आलेत की सगळे घेता येणार नाहीत, काही एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि "हे सगळं ग्रीकांकडून ढापलेलं आहे" एवढंच लिहिणाऱ्यांना उत्तर असं की हो, बरंचसं ढापलेलंच आहे, पुढे चला.

प्रश्न: हे तळं खरंच आहे का? की नुसतं पुराणातलं?

खरंच आहे, आजही आहे. नेपल्सच्या पश्चिमेला पोझ्झुओली नावाचं गाव आहे त्याच्या जवळ, समुद्रापासून अगदी थोडं आत, घेर साधारण 2 किलोमीटर. वरून बघितलं की गोल दिसतं कारण ते ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं पाणी आहे. आणि हा एकटादुकटा डोंगर नाही हां, हा सगळा परिसरच ज्वालामुखीचा आहे, त्याला काम्पी फ्लेग्रेई म्हणतात, तिथे डझनावारी तोंडं आहेत, काही बुजलेली, काही धूर सोडणारी. आव्हर्नसचं तोंड साधारण 4,000 वर्षांपूर्वीच्या स्फोटातून झालं. भूगर्भशास्त्राच्या हिशोबाने म्हणजे कालपरवा. तेव्हा ग्रीक लोक तिकडे इसपू आठव्या शतकात क्यूमीला वस्ती करायला आले तेव्हा त्यांना काय दिसलं असेल बघा, उभ्या कड्यांच्या आत काळं खोल पाणी, वर गच्च रान, आजूबाजूला जमिनीतून गंधकाचा वास, गरम पाण्याचे झरे. घरून येताना पाताळाच्या गोष्टी डोक्यात होत्याच, त्यांना जागा मिळाली. समुद्राकाठी गोड्या पाण्याचा एक झरा होता तो कोणी प्यायचं नाही, कारण ते स्टिक्सचं पाणी, म्हणजे त्यांची वैतरणी. गरम झरे दिसले की ती पाताळातली आगीची नदी. असं सगळं नकाशासारखं बसवून टाकलं होतं.

प्रश्न: त्यावरून उडणारी पाखरं मरून पडायची हे शक्य आहे का? आमच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस भांडण चालू आहे. (एक कॉलेजवाले)

भांडण दोन हजार वर्षं जुनं आहे त्यामुळे दोन दिवस काहीच नाही.

ग्रीक तर त्या जागेला सरळ बिनपाखरांचीच म्हणायचे. पण गंमत अशी की त्याच काळात ही गोष्ट खोटी आहे म्हणणारेही होते. अॅरिस्टॉटलच्या नावावर खपलेला पण त्याचा नसलेला एक ग्रीक संग्रह आहे, ऐकीव चमत्कारांचा, त्यात या तळ्याबद्दल लिहिलंय की कड्यावरची झाडं पाण्यावर ओणवी आहेत तरी पाण्यावर एक पान तरंगताना दिसत नाही, हे आश्चर्य खरं, पण पाखरं उडत नाहीत हे मात्र खोटं, जाऊन आलेले लोक सांगतात की तिथे भरपूर हंस आहेत. चमत्कारांच्या पुस्तकातच चमत्कार खोडून काढलाय, मला हा लेखक फार आवडतो.

दुसऱ्या बाजूला लुक्रेशियस, इसपू पहिल्या शतकातला रोमन कवी. तो म्हणतो पाखरं पडतात, पण त्यात देवबिव काही नाही, पाताळाचा दरवाजाबिरवाजा काही नाही, जमिनीतून विषारी वाफ येते आणि ती पाखरांना लागते. त्याने आणखी एक शक्यता दिलीय ती तर भारीच आहे, की ही वाफ पाखरू आणि जमीन यांच्यामधली हवाच बाजूला ढकलते, मग पंखाला रेटायला काही उरत नाही आणि पाखरू दगडासारखं खाली येतं. चूक आहे, पण विचार करायची पद्धत बघा.

आता विज्ञान काय म्हणतं. या परिसरातून कार्बन डायऑक्साइड खरंच निघतो आणि खूप निघतो, जवळच्या सोल्फातारा नावाच्या क्रेटरमधून तर रोज हजारो टन. हा गॅस हवेपेक्षा जड, खोलगट जागेत वारा नसेल तर तळाशी साचून राहतो, आणि आव्हर्नसला तर चारी बाजूंनी कडे आणि वर दाट रान, वारा येणार कुठून. त्यामुळे एखाद्या शांत दिवशी काठाजवळ खाली उतरलेली पाखरं गुदमरली असतील हे अगदी शक्य आहे, उंचावरून चाललेला थवा टपाटप पडला असेल हे नाही. तुमच्या ग्रुपवरच्या दोन्ही पार्ट्यांनी अर्धा अर्धा पॉइंट घ्या.

आणि पाखरांचं सोडा, मासे खरंच मरतात. फेब्रुवारी 2005 मध्ये मेले होते. थंडी जास्त पडली की वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली बसतं, मग तळाचं बिनऑक्सिजनचं, गॅस मुरलेलं पाणी वर येतं, की मासे पोट वर करून काठाला. शास्त्रज्ञांनी यावर रीतसर पेपर लिहिलाय. जुन्या माणसांनी असं काही बघितलं असेल तर त्यांना दोष कसा द्यायचा.

प्रश्न: मी लॅटिन साहित्य भाषांतरातून वाचलंय. एक शंका आहे. व्हर्जिल स्वतः त्याच भागात राहायचा, म्हणजे तळं त्याने नीट बघितलं असणार. मग एवढा शिकलेला माणूस तिथे पाताळाचं दार आहे असं मानत होता का? (निवृत्त शिक्षिका)

बाई, या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी क्रम बघा, कारण लोक इथेच गल्लत करतात. आपल्याला वाटतं आधी भीती, आधी काव्य, मग कधीतरी व्यवहारी माणसं आली आणि त्यांनी रान तोडलं. उलट आहे. कुऱ्हाड आधी आली.

इसपू 37. ऑक्टेवियन, जो पुढे ऑगस्टस नावाने रोमचा सम्राट झाला, त्याची सेक्स्टस पॉम्पी या रोमन प्रतिस्पर्ध्याशी लढाई चालू होती आणि सेक्स्टसकडे सिसिली आणि तगडं आरमार, रोमला येणारं धान्य तो अडवायचा. ऑक्टेवियनकडे ना नीट जहाजं ना वल्ही मारणारी माणसं. ही जबाबदारी त्याने अग्रिप्पा या आपल्या सेनापतीवर टाकली. अग्रिप्पाला अशी जागा हवी होती जिथे जहाजं बांधता येतील, माणसांना वल्ही मारायला शिकवता येईल आणि शत्रूला बाहेरून काही दिसणार नाही. त्याने आव्हर्नस निवडलं. खोल पाणी, कड्यांचा आडोसा, लाकूड तर जागेवरच. पुढ्यात लुक्रिन नावाचं उथळ तळं आणि त्याच्या पुढे समुद्र, मधली जमीन फोडून त्याने तिन्ही जोडून टाकलं आणि झालं बंदर, नाव पोर्तुस यूलियस. 20,000 गुलामांना स्वातंत्र्य देऊन वल्ह्यावर बसवलं, हे रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवलंय. पुढच्याच वर्षी, इसपू 36 मध्ये, नाउलोकसच्या लढाईत सेक्स्टसचा निकाल लागला.

आणि ते पवित्र रान? तोडलं. स्ट्रॅबो हा भूगोल लिहिणारा ग्रीक साधारण त्याच पिढीतला, तो साफ सांगतो की पूर्वी इथे घनदाट रान होतं त्यामुळे जागा भयाण वाटायची, अग्रिप्पाने झाडं पाडली, वस्ती झाली, आणि मग लक्षात आलं की या सगळ्या गोष्टी दंतकथा होत्या.

लोकांना काहीच वाटलं नाही असं पण नाही हं. डिओ नावाचा इतिहासकार सांगतो की खोदकाम चालू असताना तळ्याकाठच्या एका मूर्तीला माणसासारखा घाम फुटला. दुसरीकडे असाही उल्लेख आहे की मग पुजाऱ्यांनी प्रायश्चित्ताचे विधी केले. म्हणजे विधी करून घेतले आणि काम चालू ठेवलं. सरकारी काम सगळीकडे असंच चालत असावं.

आता व्हर्जिल. इसपू 29 मध्ये त्याचं शेतीवरचं काव्य पूर्ण झालं, त्यात तो इटलीची स्तुती करताना याच बंदराचं कौतुक करतो, बांध कसा घातला, समुद्राचं पाणी आव्हर्नसमध्ये कसं घुसतं वगैरे. म्हणजे त्याला सगळं माहिती होतं! आणि त्यानंतर तो एनिअसचं महाकाव्य लिहायला घेतो, सहाव्या सर्गात तेच तळं, आणि तिथे बंदर नाही, गोदी नाही, तोडलेली झाडं परत उभी आहेत, काळं पाणी आहे, गुहा आहे, चार काळे बैल बळी दिलेत, पहाटे जमीन गडगडतेय आणि कुत्री विव्हळतायत. पाताळात उतरणं सोपं आहे, दार रात्रंदिवस उघडं असतं, परत वर येणं हेच कठीण, ही प्रसिद्ध ओळ इथलीच, क्यूमीची भविष्यवेत्ती सिबिल एनिअसला ती सांगते.

मग मानत होता का? माझं मत, नाही. पण मानत नसताना एवढं का लिहिलं याचं उत्तर मला सर्गाच्या शेवटी दिसतं. तिथे एनिअसला पाताळात एक देखणा पण उदास तरुण दिसतो, मार्सेलस. हा ऑगस्टसचा भाचा आणि जावई, वारस म्हणून ज्याच्याकडे बघितलं जायचं, आणि इसपू 23 मध्ये विशीच्या आसपास तो गेला, कुठे, तर बाये इथे, तळ्यापासून अगदी जवळ. प्रोपर्शियस कवीने मार्सेलसवर शोकगीत लिहिलं त्याची सुरुवातच आव्हर्नसपासून होते. व्हर्जिलने हा भाग ऑगस्टससमोर वाचून दाखवला तेव्हा मार्सेलसची आई ऑक्टेव्हिया बेशुद्ध पडली असं त्याच्या जुन्या चरित्रात आहे. विचार करा, समोर बसलेल्या माणसाने चौदा-पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच्या लढाईसाठी हे रान साफ करून घेतलं होतं, त्याला त्या दाराची भीती कशी वाटणार, पण त्याच्याच घरातला पोरगा त्या दाराजवळ गेला. दंतकथा म्हणून निकालात काढलेलं दार व्हर्जिलने त्याच्यासमोर परत उघडून दाखवलं. आणि मार्सेलसच्या विधवेशी, ज्यूलियाशी, दोन वर्षांनी लग्न कोणी केलं? अग्रिप्पाने. हा योगायोग मी बनवलेला नाही.

अजून एक. एनिअसला तिथे वाट दाखवायला दोन कबुतरं येतात, आणि आव्हर्नसच्या उग्र वासाच्या तोंडाशी आल्यावर ती झटकन वर उडतात. पाखरांची दंतकथा तो विसरलेला नाही, फक्त एका ओळीत उरकून टाकतो.

प्रश्न: सिबिलची गुहा पर्यटकांना दाखवतात ती खरी का?

एक नाही, दोन दाखवतात. तळ्याच्या दक्षिण काठाला एक बोगदा आहे, शेकडो वर्षं लोक त्यालाच सिबिलची गुहा समजून मशाली घेऊन जायचे. तो लष्करी बोगदा आहे, बंदराच्या कामातला, लुक्रिनकडे जाणारा. मग 1932 मध्ये आमेदेओ माइउरी या पुरातत्त्वज्ञाने क्यूमीला दुसरा बोगदा मोकळा केला, 131 मीटर लांब, वर निमुळता होत जाणारा, एका बाजूने उजेडाच्या खिडक्या, आत शिरलं की एकदम नाट्यमय, आणि त्याने जाहीर केलं की सापडली! बरेच अभ्यासक आता म्हणतात की हाही संरक्षणासाठीच खणलेला असावा. मलाही तेच पटतं, पण बघायला जायचं तर जा, फोटो अप्रतिम येतात.

खरी इंजिनिअरिंगची कमाल तिसऱ्याच बोगद्यात आहे, त्याकडे कोणी बघत नाही. कोकेयस नावाच्या स्थापत्यकाराने अग्रिप्पासाठी आव्हर्नसपासून थेट क्यूमीपर्यंत डोंगर पोखरला, जवळपास 1 किलोमीटर, सरळ रेषेत, वर उजेड-हवेसाठी धारे. दुसऱ्या महायुद्धात तिथे दारूगोळा ठेवला होता त्याच्या स्फोटात त्याचं नुकसान झालं. म्हणजे तळ्याभोवतीचे बोगदे सगळे सैन्याचे आणि गोष्टी सगळ्या सिबिलच्या.

प्रश्न: नीरोने इथून कालवा काढला होता असं ऐकलं. कशाला?

काढायला घेतला होता. आव्हर्नसपासून रोमच्या ओस्टिया बंदरापर्यंत, 160 रोमन मैल म्हणजे सुमारे 235 किलोमीटर, आणि रुंदी इतकी की वल्हेकऱ्यांच्या पाच रांगांची मोठी जहाजं समोरासमोरून जातील. ऐकून वाटतं वेड लागलं होतं, आणि रोमन इतिहासकार टॅसिटस तसंच सुचवतो, अशक्य गोष्टींची हौस असलेला माणूस म्हणतो त्याला. पण कारण बघाल तर तितकं वेडं नाही. इजिप्तचं धान्य पुट्योलीला, म्हणजे आजच्या पोझ्झुओलीला उतरायचं आणि तिथून वर रोमला न्यायचा समुद्रकिनारा वाईट. इसवी सन 62 मध्ये तर ओस्टियाच्या बंदरात आत उभी असलेली जवळपास 200 जहाजं वादळात फुटली. धान्य नाही म्हणजे रोममध्ये दंगल. त्यामुळे आतून सुरक्षित रस्ता हवा हा विचार बरोबर होता, फक्त मधे डोंगर होते आणि बाकी वाट कोरडी, पाणी म्हणाल तर एका दलदलीपुरतं. सेवेरस आणि केलेर या स्थापत्यकारांच्या जोडगोळीने काम घेतलं, देशभरातले कैदी खणायला आणायचा हुकूम निघाला, चांगल्या दारूचे नावाजलेले द्राक्षमळे त्यात गेले, आणि नीरो 68 मध्ये मेला तो विषय तिथेच संपला.

अग्रिप्पाचं बंदर तरी कुठे टिकलं, गाळाने भरत गेलं आणि आरमार मिसेनमला हललं. वेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा आरमारप्रमुख थोरला प्लिनी जहाजं घेऊन निघाला तो त्या मिसेनमवरूनच. आणि लुक्रिन परत आपल्या जुन्या धंद्याला लागलं, कालवं म्हणजे ऑयस्टर शिंपले पिकवायच्या.

प्रश्न: सोन्याची फांदी आणि नेमी तळ्याचा काय संबंध?

थोडक्यात सांगतो. एनिअसला पाताळात जायला पास म्हणून सोन्याची फांदी लागते, ती आव्हर्नसच्या रानातली. नेमी हे वेगळं तळं, रोमच्या दक्षिणेला, तेही ज्वालामुखीच्याच तोंडातलं, तिथे डायना देवीचं देऊळ. तिथला पुजारी हा पळून आलेला गुलाम असायचा, एका झाडाची फांदी तोडायची आणि आधीच्या पुजाऱ्याला द्वंद्वात मारून जागा घ्यायची, मग पुढचा येईपर्यंत तलवार हातात घेऊन फिरायचं. रोमन सम्राट कॅलिग्युलाला वाटलं हा गडी फारच वर्षं टिकला, म्हणून त्याने मुद्दाम जास्त ताकदीचा माणूस पाठवला. या दोन फांद्या एकच आहेत असं चौथ्या-पाचव्या शतकातल्या सर्वियस या टीकाकाराने लिहिलं आणि तेव्हापासून लोक ते धरून बसलेत. व्हर्जिलच्या ओळींत तसं काही नाही. नेमीच्या तळातून कॅलिग्युलाची 70 मीटरच्या वरची दोन जहाजं पाणी उपसून काढली 1928 नंतर, आणि 31 मे 1944 च्या रात्री ती म्युझियमसकट जळाली. त्यावर कधीतरी वेगळं लिहावं लागेल.

प्रश्न: हा ज्वालामुखी अजून जिवंत आहे का? जायचा प्लॅन आहे म्हणून विचारतोय.

जिवंत आहे. शेवटचा उद्रेक सप्टेंबर 1538 मध्ये झाला आणि तो आव्हर्नसच्या अगदी शेजारी, आठवडाभरात साधारण 130 मीटरची टेकडी उभी राहिली. तिचं नावच मोंते नुओवो, नवा डोंगर. त्रिपेर्गोले नावाचं गाव तिच्याखाली गाडलं गेलं आणि लुक्रिन तळं आक्रसून डबक्याएवढं झालं.

तिथली जमीन वरखाली होत राहते. अग्रिप्पाचं बंदर आणि बायेचे महाल आज पाण्याखाली आहेत, डायव्हिंग करून किंवा काचेच्या तळाच्या बोटीतून बघता येतात. उलट 1982 ते 84 मध्ये पोझ्झुओलीची जमीन जवळजवळ 1.8 मीटर वर आली, हजारो लोकांना घरं सोडावी लागली, आणि 2005 पासून ती परत वर येतेय, छोटे भूकंप चालू असतात, मे 2024 मध्ये 4.4 चा झाला. वेसुव्हियस वेधशाळा चोवीस तास लक्ष ठेवून आहे, जायच्या आधी त्यांची सूचना आणि लोकल ट्रेन चालू आहे का ते बघा, कारण धक्का बसला की गाड्या थांबवतात.

नेपल्सच्या मोंतेसान्तो स्टेशनवरून कुमाना लाइनची गाडी, लुक्रिनो स्टेशनला उतरायचं, तिथून चालत. तळ्याभोवती पूर्ण फेरी मारता येते, काठाला द्राक्षमळे आहेत. पूर्व काठावर एक प्रचंड पडका घुमट दिसेल, त्याला अपोलोचं देऊळ म्हणतात, देऊळबिऊळ नाही, दुसऱ्या शतकातल्या स्नानगृहाचा हॉल आहे, व्यास सुमारे 37 मीटर, रोमच्या पँथिऑनच्या 43 च्या थोडाच खाली. गाइड देऊळ म्हणाला तर वाद घालू नका. आणि कधीकधी पाणी गुलाबी-लाल दिसतं, 2022 मध्ये दिसलं होतं, ते शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांमुळे. पाणकोंबड्या मात्र त्यातही आरामात पोहत असतात.